निळा कागद आणि १८१७ साल

प्रश्न : मुंबईत बांधलेल्या ‘एचएमएस त्रिंकोमाली’ या युद्धनौकेची ‘१८१७ची मूळ ब्लूप्रिंट’ विकायला आली आहे. निळ्यावर पांढऱ्या रेषा आहेत. घ्यावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : १८१७ची म्हणून मुळीच घेऊ नका. ज्या सायनोटाइप पद्धतीने ब्लूप्रिंट निघते, ती जॉन हर्शेल यांनी शोधली १८४२मध्ये. जमशेटजी बमनजी वाडियांनी त्रिंकोमाली बांधली तेव्हा नकाशे शाईने, हाताने नकलून इंग्लंडहून येत. तिच्या नकाशांची पहिली प्रत ‘जावा’ जहाजावर होती. डिसेंबर १८१२मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ युद्धनौकेने ते जहाज जिंकून जाळले, आणि नकाशे पुन्हा मागवावे लागले.

हा कागद फार तर नंतरची नक्कल असेल, किंमतही तेवढीच द्या. आधी दहापट भिंगातून पाहा. खऱ्या ब्लूप्रिंटमध्ये निळा रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला दिसतो. रंगीत ठिपके दिसले, तर तो आजच्या प्रिंटरचा छाप.

प्रश्न : जुन्या ब्लूप्रिंटवरून जहाजाचे मॉडेल करायचे आहे. मापे थेट घ्यावीत का? आणि पावसाळ्यात ती जपावी कशी?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : थेट पट्टी लावू नका. ब्लूप्रिंट छापल्यावर पाण्यात धुतात. वाळताना कागद आकसतो, तोही दोन्ही दिशांना सारखा नाही. पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८, असे प्रमाण असेल तर १०० फुटांना २५ इंच यायला हवेत. पावणेपंचवीस आले, तर त्या दिशेची मापे एक टक्क्याने वाढवा. आडवे आणि उभे वेगवेगळे तपासा.

या निळ्या रंगाचा खरा शत्रू अल्कली. साबण, सोडा लांब ठेवा. ‘ॲसिड-फ्री’ फोल्डरांतही बरेचदा चुनखडी मिसळलेली असते. घेताना बिनचुनखडीचा, न्यूट्रल कागदच मागा. घड्या घालू नका, सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच. कपाट भिंतीपासून सुटे ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळेवर बदला. उजेडाने फिकी पडलेली ब्लूप्रिंट अंधारात ठेवली की रंग थोडाफार परततो, म्हणून भिंतीवर स्कॅनची प्रतच लावा.

निळ्यावर हाताने लिहिलेली पांढरी अक्षरे दिसली, तर डाग समजून पुसायला जाऊ नका. ड्राफ्ट्समन धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने निळा रंग उडवून दुरुस्त्या लिहीत. जहाजात पुढे काय बदलले, ते बरेचदा तिथेच सापडते.