औषधांबद्दल खात्रीची माहिती कुठे शोधायची? इंडियन फार्माकोपिया विकत घ्यावं का?

फार्माकोपिया घेऊ नका. पैसे वाया जातील.

तुम्ही लिहिलंय की आईच्या संधिवाताच्या आणि बीपीच्या गोळ्यांबद्दल नेटवर जितक्या साइट तितकी मतं दिसतात, मेडिकलवाला "डॉक्टरांना विचारा" म्हणून मोकळा होतो, म्हणून आता सरळ सरकारी इंडियन फार्माकोपियाच घ्यावं का. मी फार्मासिस्ट आहे, मिरजेत आमचं घरचं मेडिकल आहे. त्या "डॉक्टरांना विचारा"वर मला बरंच बोलायचंय, पण आधी पुस्तकांचं सांगते.

इंडियन फार्माकोपिया गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे निघतं. पहिली आवृत्ती १९५५ ची. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे त्यात कुठेही सापडणार नाही. ते प्रयोगशाळेसाठी आहे. गोळी किती वेळात विरघळली पाहिजे, लेबलवर लिहिलेला घटक प्रत्यक्षात किती भरला पाहिजे, कुठली अशुद्धी किती मर्यादेपर्यंत चालेल, हे त्यात असतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले आणि चौकशीला लेंटिन आयोग बसला. तसलं ग्लिसरीन रुग्णापर्यंत पोचू नये म्हणून या ग्रंथातल्या कसोट्या असतात. त्या घरी बसून कुणाला लावता येत नाहीत.

तुम्हाला हवी आहे ती नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया. तीही हेच कमिशन काढतं. पहिली आवृत्ती १९६० ची, सहावी २०२१ ची. औषध कशासाठी, डोस किती, कुणाला द्यायचं नाही, कशाबरोबर द्यायचं नाही, गरोदरपणात आणि किडनीच्या आजारात काय बदल करायचा, हे त्यात नेमक्या शब्दांत असतं. इंग्रजी वाचता येत असेल तर घरात ठेवण्याजोगं हे एकच पुस्तक. औषधं विकणाऱ्या ॲपवरची माहिती मी प्रमाण मानत नाही. जो विकतो त्याचं सांगणं पडताळूनच घ्यावं, आणि हे मी स्वतः औषधं विकणारी बाई म्हणून सांगतेय.

आता पडताळणं म्हणजे काय ते सांगते.

आमच्याकडे एक मुलगी आजीची औषधं न्यायला नेहमी यायची. एका संध्याकाळी तिने तोंड आल्यावर लावायचं जेल आणि बी कॉम्प्लेक्स मागितलं. अशी गिऱ्हाइकं दिवसभर येतात. जेल द्यायचं, पैसे घ्यायचे, पुढचा. पण मी विचारलं, कुणाला हवंय? म्हणाली, "आजीला. तोंड आतून सगळं सोलल्यासारखं झालंय, पाणीसुद्धा झोंबतंय." दुसरं काय चालू आहे, असं विचारल्यावर तिने पिशवीतून कात्रीने कापलेली स्ट्रिप काढली. नाव अर्धं कापलं गेलेलं. उरलेल्या तुकड्यावर "ट्रेक्सेट" आणि ७.५ एवढंच वाचता येत होतं. बॅच नंबर आणि एक्सपायरी दुसऱ्याच कुणाच्या तरी तुकड्याबरोबर गेलेली. फायलीत एका मोठ्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर मेथोट्रेक्सेट ७.५, आणि पुढे बाकीच्या गोळ्यांसारखंच १-०-०. म्हणजे रोज सकाळी एक.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात, ठरलेल्या एका वारी. रोज घेतलं तर ते शरीरात विषासारखं काम करतं. तोंड सोलवटणं ही त्याची सुरुवातीची खूण. पाठोपाठ रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि मग साधा संसर्गही जिवावर बेततो.

मुलगी हुशार होती, तिने नेटवर बघितलंही होतं. काही कॅन्सरमध्ये हेच औषध लागोपाठ काही दिवस रोज देतात, असं तिला वाचायला मिळालं आणि कार्डावरचं बरोबर वाटलं. ती माहिती खोटी नव्हती. दुसऱ्या आजाराची होती. नेटवर शोधण्यातला खरा धोका मला हाच वाटतो. औषधाचं नाव बरोबर, वाक्य बरोबर, फक्त रोगी वेगळा.

मी काउंटरखालून फॉर्म्युलरी काढली, शेजारी कॉलेजपासून जपलेलं त्रिपाठींचं फार्माकॉलॉजी उघडलं. दोन्हीकडे आठवड्याचाच डोस. हॉस्पिटलला फोन लावला. निवासी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, सरांनी लिहिलंय. तुम्ही फक्त औषध द्या." मी त्यांना फॉर्म्युलरीतली ओळ वाचून दाखवली, पान क्रमांकासकट, आणि सरांशीच बोलायचंय म्हणून फोन धरून ठेवला. सर आले, त्यांनी एकदाच विचारलं, "तोंड आलंय?" आणि लगेच पेशंटला घेऊन यायला सांगितलं. त्याच रात्री आजींना भरती केलं. पांढऱ्या पेशी खरोखरच खाली गेल्या होत्या. मेथोट्रेक्सेट थांबवलं, त्यावरचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं सुरू झाली आणि आजी सुखरूप घरी आल्या. पुढे डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा सुरू केलं, रविवारचं. तेव्हापासून त्यांच्या पाकिटावर मी लाल पेनाने "फक्त रविवार" लिहून देते.

तुमच्या आईच्या संधिवाताच्या गोळ्यांत मेथोट्रेक्सेट असेल तर पुढचं वाचण्याआधी उठून कार्ड आणि स्ट्रिप बघा. रोज घेतलं जात असेल तर आत्ताच डॉक्टरांना फोन करा. ही चूक जगभर होते. अमेरिकेतल्या या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात चौकटीत इशारा आहे, आणि ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये पाकिटावर ठळक सूचना आणि पेशंटजवळ ठेवायचं कार्ड आणलं.

त्या संध्याकाळी आमचे काका गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते. मुलगी गेल्यावर म्हणाले, "आपण दुकानदार. चिठ्ठीवर आहे ते द्यायचं. उद्या त्या हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या आपल्याकडे यायच्या बंद झाल्या म्हणजे?" फॉर्म्युलरी विकत घेतली तेव्हाही हाच सूर होता. एम.आर. लोक, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, कंपनीच्या पुस्तिका फुकट देतात, मग पुस्तकावर खर्च कशाला? त्या पुस्तिकांत त्या कंपनीची गोळी किती चांगली तेवढंच असतं. तोंड आलं तर गोळी थांबवा, हे ठळक अक्षरांत कोण छापेल?

यावर आमचं आजही पटत नाही. घरच्या कार्यात चार लोक जमले की काका तो विषय काढतात आणि "हिला डॉक्टर व्हायचं होतं" म्हणतात. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मी बी.फार्म. मनापासून केलं. कायदा काय म्हणतो तेही सांगते. औषध नियमावलीच्या शेड्यूल एनमध्ये फार्मसी चालवायला कमीत कमी काय काय लागतं त्याची यादी आहे. खल, तराजू, मापं यांच्याबरोबर त्या यादीत पुस्तकंही आहेत, आणि त्यांत चालू आवृत्तीची नॅशनल फॉर्म्युलरी आहे. काका म्हणतात, ते औषधं घोटून बनवणाऱ्या फार्मसीला लागू, आपण "केमिस्ट अँड ड्रगिस्ट". नियमाच्या अक्षरापुरतं ते बरोबर आहे. पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी पेशंटला औषध समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच ठरवलंय. पुस्तक न उघडता समजावणार काय?

तेव्हा तुमच्या मेडिकलमध्ये जाऊन फार्मासिस्ट कोण आहे ते विचारा. परवान्याबरोबर त्यांचं नाव भिंतीवर लावलेलं असतं. त्यांच्याशी गर्दी नसताना, दुपारी बोला. डब्यातलं माहितीपत्रक मागा. दहा स्ट्रिपच्या डब्यात बहुतेक वेळा ते एकच असतं आणि डबा फोडला की कचऱ्यात जातं. मी मागेल त्याला देते. स्ट्रिप कापून घ्यावी लागलीच तर नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा मागा.

शोधताना ब्रँडचं नाव टाकू नका, घटकाचं टाका. ब्रँडची नावं एकमेकांच्या इतकी जवळ असतात की फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या दोन औषधांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. औषधांच्या बाबतीत नावांतलं साम्य जास्त कडक नजरेने तपासलं पाहिजे, असं २००१ मध्ये कोर्टाने म्हटलं. कुठल्या ब्रँडमध्ये काय आहे एवढं पाहायला सिम्स किंवा ड्रग टुडे ही ब्रँडच्या याद्यांची पुस्तकं चालतात. डोस ठरवायला नाही.

बाहेरचे संदर्भ हवे असतील तर ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी उत्तम. फुकटात अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं डेलीमेड आहे. त्यावर औषधांची अधिकृत माहितीपत्रकं आहेत. सोप्या भाषेत हवं असेल तर त्यांचंच मेडलाइनप्लस. अंगावर पाजणाऱ्या आईच्या औषधांसाठी लॅक्टमेड. तिथे पॅरासिटामॉल शोधताना ॲसिटामिनोफेन टाकावं लागतं, सॅल्ब्युटामॉलसाठी अल्ब्युटेरॉल. निमेसुलाइड किंवा ॲसिक्लोफेनॅकच्या गोळ्या तिथे सापडणारच नाहीत, कारण अमेरिकेत त्यांना मंजुरीच नाही. ते पाहून "अमेरिकेत बंदी आहे" असं व्हॉट्सॲपवर फिरवणारे लोक मला भेटलेत. मंजुरी न मिळणं वेगळं, बंदी वेगळी. आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड द्यायला २०११ मध्ये मनाई झाली. त्याआधीच्या पुस्तकात मुलांचा डोस छापलेला असू शकतो, म्हणून आवृत्तीचं साल आधी बघा. रद्दीत मिळालेलं जुनं औषधांचं पुस्तक घरात ठेवू नका.

औषधाने त्रास झाला असं वाटलं तर ते कळवायचीही जागा आहे. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया त्याच गाझियाबादच्या कमिशनमधून चालतो. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री नंबर. ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. आपल्याकडे तो भरणारे फार कमी जण भेटतात, याचं मला वाईट वाटतं. छापील किमतीबद्दल शंका असेल तर एनपीपीए या औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं फार्मा सही दाम हे ॲप बघा.

हे सगळं वाचून आईच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका, हे आधीच लिहायला हवं होतं. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या, अचानक बंद केल्या तर छातीत दुखणं, ठोके वाढणं असे प्रकार होतात. स्टिरॉइडही एकदम थांबवत नाहीत. पुस्तकातला डोस सर्वसाधारण माणसाचा असतो. तुमच्या आईचं वजन, किडनी आणि बाकीची औषधं तिच्या डॉक्टरांनाच माहीत. डॉक्टरांनी पुस्तकापेक्षा वेगळं लिहिलं म्हणजे चुकलंच असंही नाही. त्यांना कारण विचारा. लिहून नेलेला एक प्रश्न असला तर डॉक्टर उत्तर देतात, हा माझा अनुभव.

कमेंटमध्ये आईचं नाव, वय, रिपोर्टचे फोटो टाकू नका. गोळ्यांचे घटक, मिलिग्रॅम आणि ती कधी घेते एवढं लिहिलंत तर फॉर्म्युलरीत काय आहे ते बघून सांगेन.