छ्वानश्योंगचं चूर्ण सुरू करण्याआधी

डोकेदुखी जुनी आहे एवढ्यावरून 'छ्वानश्योंग छा थ्याओ सान' मागवू नका. चीनमधल्या सोंग राजवटीतल्या सरकारी औषधालयाचं हे सूत्र, आठ वनस्पतींचं चूर्ण. नाव छ्वानश्योंग या चिनी मुळीचं, पण मूळ प्रमाणात चिनी पुदिना त्याच्या दुप्पट! जेवणानंतर कोऱ्या हिरव्या चहासोबत घ्यायचं (आपला दूध-साखरेचा उकळलेला चहा नव्हे). चिनी वैद्यांच्या मते चहा बाकीच्या तिखट-उष्ण औषधांना आवर घालतो.

वैद्याकडे जाल तेव्हा 'डोकं दुखतं' एवढंच सांगू नका, कुठे ते बोट ठेवून दाखवा. मागून मानेपर्यंत दुखत असेल तर याच चूर्णातली छ्यांगहुओ ही वनस्पती, कपाळ-भुवयांत बायझी, कानशिलं आणि टाळूला छ्वानश्योंग, असा हिशेब असतो. वारा-थंडी लागून उठणाऱ्या दुखण्यासाठी हे चूर्ण आहे. अशक्तपणाच्या किंवा रक्तदाबाच्या डोकेदुखीला नाही.

शीशिन या घटकाबद्दल मी फार कडक आहे. त्यात अ‍ॅरिस्टोलोचिक आम्ल असू शकतं आणि ते मूत्रपिंडं कायमची निकामी करू शकतं, म्हणून ऑनलाइन सुटी पुडी नकोच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर विषयच सोडा. आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं ठणकलं तर चहा न उकळता थेट हॉस्पिटल गाठा.