'इव्हँजेलियन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला नायक, शाळकरी शिंजी, सतत कानात इअरफोन घालून का बसतो?

संगीताचं वेड म्हणून तर नक्कीच नाही. १९९५ च्या या मालिकेत त्याच्या कॅसेट प्लेअरवर २५ आणि २६ क्रमांकाची गाणीच आलटूनपालटून वाजतात. इअरफोन म्हणजे त्याने दाराला आतून लावलेली कडी. चौथ्या भागात तो घर सोडतो, पण जातो कुठे? बराच वेळ ट्रेनमध्येच बसून राहतो, मग नुसता भटकतो. पुढे सोळाव्या भागात त्याचं मन स्वतःशीच वाद घालतं, तेही ट्रेनच्या डब्यातच. मला ही ट्रेन प्लेअरपेक्षा जास्त बोलकी वाटते: चालू आहे, पण त्याला पोहोचायचं कुठेच नाही. याच मालिकेवरच्या १९९७ च्या चित्रपटात तर सगळी माणसं विरघळून एक होतात, एकटेपणाच संपतो. पळवाटेचं ते शेवटचं टोक, आणि नेमकं तेच शिंजी नाकारतो.