मरीन ड्राइव्हवर रात्रीचे लाँग एक्स्पोजर फोटो कसे काढावेत?

तुमच्या तक्रारी तीन आहेत: दिव्यांचे पांढरे गोळे होतात, आकाश मळकट नारिंगी येतं आणि समुद्र नुसता काळा दिसतो. कॅमेरा साधा आहे, लेन्स १८-५५ची किट लेन्स आणि फोटो काढलेत रात्री दहाच्या सुमाराला. कॅमेरा आणि लेन्स या कामाला पुरेसे आहेत, नवीन काही घेऊ नका. बदलायची आहे ती वेळ.

दहा वाजता आकाशाला स्वतःचा उजेड उरलेला नसतो. तेव्हा दिव्यांना धरून एक्स्पोजर (सेन्सरवर पडू द्यायचा एकूण उजेड) ठेवलं की बाकी सगळं काळं होतं, आणि समुद्र दिसावा म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की दिवे जळून पांढरे होतात. दोन्ही टोकं एकाच फोटोत पकडणं सेन्सरला जमत नाही. नारिंगी रंग म्हणजे हवेतल्या धुरक्यावर पसरलेला शहराचाच उजेड. सूर्यास्तानंतर साधारण पंधरा मिनिटांपासून चाळीस मिनिटांपर्यंत मात्र दिवे लागलेले असतात, आकाश गडद निळं असतं आणि त्या दोघांत फार अंतर नसतं. पाण्यालाही आकाशाचाच निळा मिळतो. आपल्याकडे सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश लवकर संपतो. युरोपातल्या फोटोग्राफरांना मिळतो तेवढा निवांत वेळ मुंबईत मिळत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास, तर जुलैच्या सुरुवातीला सातवीसच्या आसपास. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी ट्रायपॉड लावून, चौकट ठरवून तयार राहा.

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ८, मोड मॅन्युअल. या सेटिंगवर सुरुवातीला शटर साधारण २ सेकंदांचं लागेल आणि अंधार वाढत जाईल तसं ८, मग १५ सेकंदांपर्यंत जाईल. प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख, बघा. उजव्या टोकाला दिव्यांची बारीक सुई चिकटली तर चालते, कारण दिवा हा दिवाच असतो. पण दिव्याखालचा फुटपाथ आणि इमारतींच्या भिंती जळू देऊ नका.

आता माझ्या मते या प्रकारातली खरी गंमत. किती सेकंद, हा प्रश्न बहुतेक जण अंधाराला विचारतात. तो पाण्याला विचारावा. अर्ध्या सेकंदात लाट लाटच राहते, फक्त कडा मऊ होतात. दोन ते चार सेकंदांत टेट्रापॉडमधून (कठड्याखाली लाटा अडवायला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) परत जाणारं पाणी पांढऱ्या रेषा ओढतं, आणि त्या रेषांतून समुद्राचा जोर कळतो. तीस सेकंदांत सगळं सपाट होतं, आणि दिव्यांची प्रतिबिंबं पाण्यात उभ्या पट्ट्यांसारखी लांब पसरतात. मला स्वतःला दोन ते चार सेकंदांचा समुद्र जास्त आवडतो, कारण तीस सेकंदांनंतर तो समुद्र आहे की तलाव हे कळेनासं होतं. तुम्हाला शांत पाणी हवं असेल तर खुशाल तीस घ्या. आधी हे ठरवा आणि त्यानुसार ॲपर्चर बदला: एफ ८ला ८ सेकंद लागत असतील तर एफ ११ला सुमारे १५ लागतील. एफ १६च्या पुढे जाऊ नका, तिथे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळं चित्र किंचित मऊ पडतं. उजेड असतानाच लांब एक्स्पोजर हवं असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावा. पूर्ण अंधारात त्याची गरज नसते. दिव्यांभोवती चांदणीसारखी किरणं हवी असतील तर एफ ११ किंवा एफ १६ वापरा. ॲपर्चरची पाती सम असतील तर तेवढीच किरणं येतात, विषम असतील तर दुप्पट.

भरती कधी आहे हे बघितल्याशिवाय घरून निघू नका. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही कामाला येतो: तिथीची पाऊणपट करायची, आली ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. म्हणजे संध्याकाळच्या निळ्या वेळेला पाणी भरलेलं हवं असेल तर शुद्ध किंवा वद्य अष्टमी ते दशमी हे दिवस बरे. हे दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे. पाणी उधाणाइतकं वर चढत नाही, पण प्रतिबिंबांना ते शांत पाणीच बरं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, त्यामुळे नेमकं दिवेलागणीला पाणी ओसरलेलं असतं. त्या दिवशी दक्षिण टोकाच्या नरिमन पॉइंटऐवजी उत्तर टोकाच्या गिरगाव चौपाटीवर जा. ओल्या वाळूत दिवे फार सुंदर उतरतात. अचूक वेळेसाठी भरतीचं वेळापत्रक बघाच, हिशेब फक्त दिवस निवडण्यापुरता.

जागेबद्दल. नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्राच्या बाजूला उभं राहून उत्तरेकडे बघितलं की दिव्यांची पूर्ण कमान मलबार हिलपर्यंत वळत जाताना दिसते. उजवीकडे आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग असते. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या या इमारतींचा २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांचे गोलाकार कोपरे आणि आडव्या पट्ट्या दिव्यांच्या तिरप्या उजेडात छान उठून दिसतात, म्हणून चौकटीत निव्वळ रस्ता घेऊ नका. सूर्यास्ताची लाली तुमच्या डाव्या हाताला राहील. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकलेला असल्याने ती मलबार हिलच्या जवळ येते आणि १८ एमएमच्या चौकटीत थोडी सापडते. डिसेंबरमध्ये ती पार मागे जाते.

गाड्यांच्या रेषा हव्या असतील तर बाजू नीट लक्षात घ्या. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे समुद्राकडच्या मार्गिकेतल्या गाड्या उत्तरेला जातात. नरिमन पॉइंटहून उत्तरेकडे बघताना जवळच्या रेषा लाल आणि पलीकडच्या पांढऱ्या येतात. चौपाटीच्या टोकाहून दक्षिणेकडे बघितलं की उलटं: हेडलाइटचा पांढरा झोत जवळ येतो आणि तो सहज जळतो. म्हणून रेषांसाठी मी नरिमन पॉइंटच सुचवेन. सिग्नल सुटला की गाड्यांचा लोंढा येतो; पहिली गाडी चौकटीत शिरते त्या क्षणी शटर उघडा आणि वीस-पंचवीस सेकंद ठेवा. चालणारी माणसं एवढ्या वेळात विरून जातात, कठड्यावर निवांत बसलेली तेवढी राहतात. ती पाठमोरी आली तर फोटोला जीव येतो, पण कुणाचा चेहरा ओळखू येईल असं काढू नका.

रंगाचं एक. हे दिवे वर्षानुवर्षं सोडियमचे पिवळे होते. २०१५ मध्ये पांढरे एलईडी लागले तेव्हा क्वीन्स नेकलेसची (मरीन ड्राइव्हच्या या दिव्यांच्या माळेचं लाडकं नाव) शान गेली म्हणून मोठा गदारोळ झाला आणि नंतर पिवळसर छटा परत आणली गेली. ती छटा जपायला हवी. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगाची दुरुस्ती, तिला पुसट करून टाकतो. व्हाइट बॅलन्सचा ३,४०० ते ३,८०० केल्विनच्या दरम्यान पक्का आकडा ठेवा आणि रॉमध्ये (नंतर रंग बदलता येणारी कच्ची फाइल) काढा. दिवे उबदार राहतात, आकाशाचा निळाही टिकतो.

बाकीचं थोडक्यात. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दूरच्या दिव्यावर मोठं करून हाताने लावा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, शटरला २ सेकंदांचा टायमर, मधला दांडा खाली. लेन्सपुढची यूव्ही फिल्टरची काच काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक दिव्याचं भूत, म्हणजे खोटं प्रतिबिंब, समुद्रावर तरंगतं. खारं तुषार काचेवर बसतं, म्हणून मऊ कापड खिशात असू द्या. ऋतू म्हणाल तर पाऊस ओसरल्यावरचे स्वच्छ दिवस सगळ्यांत चांगले. डिसेंबर-जानेवारीत धुरकं इतकं असतं की मलबार हिलची कडाच हरवते.

टेट्रापॉडवर मात्र अजिबात उतरू नका, कितीही चांगला कोन दिसला तरी. ते शेवाळाने निसरडे असतात, त्यांच्या फटी खोल असतात आणि आत घसरलेल्या माणसाला बाहेर काढणं फार अवघड. पावसाळ्यात उधाणाच्या वेळी तर कठड्यापासूनही लांब राहा. लाट कठडा ओलांडून रस्त्यावर येते.

ट्रायपॉड नसेल तर काय, हेही तुम्ही विचारलंय. कठडा चांगला रुंद आहे. कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून तोंड शिवून टाका, ती कठड्यावर ठेवा आणि कॅमेरा तिच्यात रुतवा. पट्टा हाताला गुंडाळलेला असू द्या. पंधरा सेकंदांचा फोटोही त्यावर स्वच्छ येतो. ट्रायपॉड लावल्यावर कुणी सुरक्षारक्षक किंवा पोलीस हटकतात तेव्हाही हीच पिशवी कामाला येते.