जीपीयू रिकामे का राहतात?

प्रश्न : आमचा संशोधनगट द्रवप्रवाहाचे गणितीय प्रारूप महासंगणकावर चालवतो. प्रोग्रामचा मुख्य भाग आम्ही जीपीयूवर (एकाच वेळी हजारो गणिते करणाऱ्या प्रोसेसरवर) नेला. परंतु एकाऐवजी आठ जीपीयू मागूनही वेग दुप्पटसुद्धा झाला नाही आणि जीपीयू बराच वेळ रिकामे दिसतात. आणखी नोड (महासंगणकात एकत्र जोडलेले स्वतंत्र संगणक) मागावेत का?

उत्तर : इतक्यात मागू नयेत. रिकामा दिसणारा जीपीयू बहुधा डेटाची किंवा सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, उरलेल्या कामाची वाट पाहत असतो, आणि नोड वाढवल्याने ती वाट पाहणे संपत नाही.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचा फ्रंटिअर हा महासंगणक पाहा. जगातील सर्वांत वेगवान महासंगणकांच्या टॉप ५०० यादीत एक्झाफ्लॉपचा (सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांचा) टप्पा २०२२ साली प्रथम ओलांडणारे हे यंत्र. त्याच्या प्रत्येक नोडमध्ये ६४ कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गणनाघटकांचा) एक सीपीयू आणि चार जीपीयू असतात; प्रत्येक जीपीयूत दोन चिप असल्याने प्रोग्रामला मात्र आठ जीपीयू दिसतात. प्रत्येक चिपला स्वतःची ६४ जीबी मेमरी असून तिच्यातून सेकंदाला सुमारे १.६ टीबी डेटा वाचता येतो, तर सीपीयूकडून तिच्याकडे येणाऱ्या मार्गाची क्षमता एका दिशेने सेकंदाला ३६ जीबी आहे. हा फरक चाळीसपटींहून अधिक आहे. त्यामुळे प्रत्येक टाइमस्टेपला (प्रारूपातील काळाच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला) वेग आणि दाब यांची संपूर्ण जाळी (ज्या बिंदूंवर ते मोजले जातात त्यांची मांडणी) सीपीयूकडे आणून पुन्हा परत पाठवली जात असेल, तर जीपीयूने मिळवून दिलेला वेळ या ये-जा करण्यातच खर्च होतो. जाळी जीपीयूच्या मेमरीतच ठेवावी आणि शेजारच्या प्रोसेसना (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींना) लागणाऱ्या कडांचीच देवाणघेवाण करावी.

प्रोसेस कोणत्या कोअरवर बसते, याकडेही आपण लक्ष द्यावे. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. फ्रंटिअरवर ० ते ७ हे कोअर ज्या चिपला थेट जोडलेले आहेत तिचा क्रमांक ४ आहे, आणि ० क्रमांकाची चिप ४८ ते ५५ या कोअरजवळ आहे. क्रमांकाला क्रमांक जुळवून प्रोसेस, कोअर आणि चिप यांची बांधणी केली, तर डेटा विनाकारण लांबच्या वाटेने जातो, आणि प्रोग्राम बिनचूक उत्तर देत असल्याने कोणाला शंकाही येत नाही. स्लर्म या शेड्युलरला (जॉबना, म्हणजे यंत्राला दिलेल्या कामांना, जागा आणि वेळ वाटून देणाऱ्या प्रणालीला) प्रत्येक प्रोसेससाठी सर्वांत जवळचा जीपीयू निवडण्यास सांगता येते. आपल्या यंत्राची रचना निराळी असेल. तिचा नकाशा केंद्राच्या माहितीपुस्तिकेतून अवश्य पाहावा.

आता उरलेल्या कामाचा हिशेब. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तोच एकूण वेगाला मर्यादा घालतो, हा संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला तर्क येथे तंतोतंत लागू पडतो. समजा, एका जीपीयूवर १०० मिनिटे लागतात आणि त्यांतील ५० मिनिटे फाइल लिहिणे, जाळी तयार करणे अशा सीपीयूवरच्या कामांत जातात. आठ जीपीयू दिल्यावर उरलेल्या ५० मिनिटांची सव्वासहा होतील, परंतु एकूण वेळ सव्वाछप्पन्न मिनिटेच राहील. आपला अनुभव याच्याशी बराच जुळतो.

म्हणून एकाच नोडवर, थोड्याच टाइमस्टेपसाठी, प्रोफायलर (प्रोग्रामच्या कोणत्या भागाला किती वेळ लागतो हे नोंदवणारे साधन) लावून वेळ कुठे जातो हे आधी मोजावे. असा छोटा जॉब, त्याला लागणारा वेळ नेमका नोंदवला तर, मोठ्या जॉबच्या मधल्या मोकळ्या जागेत शेड्युलर लवकर बसवू शकतो. दुरुस्तीनंतर जीपीयू सतत गणनेतच गुंतलेले दिसले, तर नोड जरूर वाढवावेत.