इतवारीत साड्यांचं दुकान आहे, वेबसाइटवर अजून जुनं यूए (गूगलचं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स, साइटवरच्या भेटी मोजणारं) ट्रॅकिंग आहे. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ वर जायलाच हवं का?

हो, आजच. तुमच्या जुन्या कोडने जुलै २०२३ मध्येच मोजणं थांबवलं आणि जुने रिपोर्ट जुलै २०२४ मध्ये बंद झाले. तो कोड आता नुसता शोभेला आहे.

तुमचा फायदा वेगळ्याच गोष्टीत आहे. इतवारीचं गिऱ्हाईक साइटवर पैसे भरत नाही. साडी पाहतं आणि व्हॉट्सअ‍ॅपची लिंक दाबतं. जुन्या पद्धतीत वेगळा कोड लावला नसेल, तर असा माणूस एक पान पाहून परत गेला, एवढंच दिसायचं. नव्यात बाहेरच्या लिंकवरची क्लिक आणि पान ९० टक्के खाली सरकवणं आपोआप नोंदलं जातं. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लिकचा वेगळा इव्हेंट (नोंदली जाणारी कृती) बनवा, त्याला ‘की इव्हेंट’ (महत्त्वाची कृती) करा. मग इन्स्टाग्रामवरून आलेले जास्त विचारतात की गूगलवरून आलेले, ते कळेल. (शहरांच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नका, मोबाइलवर ते बरेचदा चुकतात.)

सेटिंगमध्ये डेटा रिटेन्शन (माहिती किती काळ साठवायची ते) २ महिन्यांवरून १४ वर न्या. नाहीतर एक्स्प्लोरेशनमध्ये (स्वतः मांडायच्या खोलातल्या रिपोर्टमध्ये) गेल्या लग्नसराईशी तुलना करता येणार नाही. रिपोर्टची मांडणी जुन्यापेक्षा किचकट आहे, चिडचिड होईल थोडी.