जुन्या पत्र्याला कल्हई?

प्रश्न: इथे पेनसिल्व्हेनियात एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. तिथून पत्र्याचे दोन स्कॉन्स घेतले, म्हणजे भिंतीला टांगायचे मेणबत्तीचे दिवे. विकणारा म्हणाला, १८३० च्या आधीचे आहेत. पार काळवंडलेत. सासूबाई म्हणतात, भारतात नेऊन कल्हई करून घे. करू का?
– एक वाचक, लँकेस्टर

उत्तर: सासूबाईंचं धातूचं ज्ञान पक्कं आहे. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर चढवलेलं ते कथीलच. तरीही कल्हईवाल्याकडे देऊ नका. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे कल्हईला भांडं निदान तेवढं तापवावंच लागतं. तुमच्या दिव्यांचे जोड कथील-शिशाने झाळलेले असणार, आणि ते त्याच्या आधीच सुटतात. नवसागर टाकेपर्यंत भिंतीकडची पाठ, थाळी आणि मेणबत्तीची नळी वेगवेगळी झालेली असेल.

चिंच-लिंबूही नको. कथिलाचा थर जिथे खरवडला जातो तिथे खालचं लोखंड उलट लवकर गंजतं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, वर रंगहीन मेणाचा पातळ हात द्या. बस्स. पाठ एके काळी चकचकीत असायची ती उजेड खोलीत फेकायला, हे खरं. पण ती चकाकी आता घासून परत येत नाही.

वयाचं म्हणाल तर दिवा उलटा करून बघा. अमेरिकेत परदेशी मालावरच्या १८९० च्या जकातीपर्यंत हा पत्रा मुख्यतः ब्रिटनमधून, विशेषतः वेल्समधून यायचा. कनेटिकटच्या बर्लिन गावचे फेरीवाले त्याच पत्र्याची भांडी दारोदार विकत. पत्रे लहान, साधारण १० बाय १४ इंचांचे. त्याहून उंच पाठ बिनजोड निघाली, तर मला शंका येईल. पत्र्यावर चकाकत्या खड्यांसारखी नक्षी दिसली तर तो जस्त चढवलेला लोखंडी पत्रा. त्या प्रक्रियेचं पेटंटच १८३७ चं, म्हणजे विकणाऱ्याची थाप. लोहचुंबक मात्र खिशातच ठेवा, तो नव्यालाही चिकटतो.

पेटवायचा मोह होईल, म्हणून सांगतो. त्या काळी घरोघरी चरबीच्या मेणबत्त्या असत. वास मारायच्या, उंदीर खायचे, आणि वात सारखी कातरावी लागे. नाहीतर काजळी धरून मेणबत्ती भराभर ओघळायची. आपोआप जळून जाणारी विणलेली वात आली १८२५ च्या सुमारास. दिवाळीला लावायचेच असतील, तर सेलवरची मेणबत्ती बसवा. जुन्या झाळकामाला ज्योतीची आच नको.